गोचीड, माकड आणि माणूस : एका तापाच्या शोधाची गोष्ट

गोंदिया शहराला लागून असलेल्या कुडव्यात काय किंवा जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात काय, गोचीड पाहिली नाही असं मूल सापडणं कठीण. गाईच्या कानात, बैलाच्या शेपटीखाली, कुत्र्याच्या मानेवर ती हमखास असते. एखादा माणूस पिच्छा सोडत नसला की 'गोचिडीसारखा चिकटलाय' असं आपण म्हणतो. पण रोगप्रसाराचा धडा शिकवताना मात्र आपण बहुधा डास आणि माशी यांच्यावरच थांबतो. गोचीड म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांचा विषय, अशी आपली समजूत असते.

ही समजूत किती अपुरी आहे हे सांगणारी एक गोष्ट आपल्याच देशात घडली आहे. तिची सुरुवात कुडव्यापासून हजारएक किलोमीटर दूर, कर्नाटकातल्या एका जंगलात झाली. तिचा पुढचा भाग पुण्याच्या एका प्रयोगशाळेत घडला आणि अलीकडचं प्रकरण सिंधुदुर्गातल्या काजूच्या बागांमध्ये. या लेखात आम्ही ती गोष्ट क्रमानं सांगणार आहोत. रोगाची माहिती तर त्यात आहेच, पण 'हे कळलं कसं?' या प्रश्नाकडे आम्ही जास्त लक्ष देणार आहोत. वर्गात मुलांसमोर ठेवण्याजोगा खरा प्रश्न तोच आहे.

डासाच्या आधी गोचीड

मलेरियाचे जंतू डासाच्या शरीरात वाढतात हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबादला दाखवलं, हे आपण शिकवतो. त्याच्या चार वर्षं आधी, १८९३ मध्ये, अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि एफ. एल. किलबोर्न यांनी गोचीड रोग पसरवते हे प्रयोगानं सिद्ध केलं होतं. हा रोग होता गुरांचा : टेक्सास ताप.

दक्षिणेकडची धडधाकट गुरं उत्तरेकडे चरायला नेली की ती स्वतः ठणठणीत राहत. पण ज्या कुरणात ती चरून गेली, तिथली उत्तरेकडची गुरं काही आठवड्यांनी तापानं मरत. गुराखी म्हणत, 'हे गोचिडींचं काम.' शिकलेल्या मंडळींना ते पटत नसे. स्मिथ आणि किलबोर्न यांनी गुराख्यांचं म्हणणं कसोटीला लावलं. एका कुंपणात उत्तरेच्या गुरांबरोबर दक्षिणेची गोचिडी असलेली गुरं ठेवली. दुसऱ्या कुंपणात तशीच दक्षिणेची गुरं ठेवली, पण त्यांच्या अंगावरची एकेक गोचीड हातानं वेचून काढल्यावर. तिसऱ्या कुंपणात दक्षिणेची गुरं ठेवलीच नाहीत, गवतावर फक्त गोचिडी टाकल्या. पहिल्या आणि तिसऱ्या कुंपणात ताप आला, दुसऱ्यात आला नाही.

एवढ्यावर भागत नव्हतं. ही गोचीड जन्मभर एकाच जनावरावर राहते. मग ती दुसऱ्या जनावराला रोग देते कशी? याचंही उत्तर मिळालं. रक्त पिऊन फुगलेली मादी जमिनीवर पडते, अंडी घालते आणि मरते. अंड्यांतून निघालेली पिल्लं रोगाचे जंतू आईकडूनच घेऊन येतात. प्रयोगशाळेत उबवलेली, कधीही गाय न पाहिलेली पिल्लं निरोगी जनावरावर सोडली, तरी त्याला ताप आला.

एक गोष्ट बदलायची, बाकीच्या तशाच ठेवायच्या आणि काय होतं ते पाहायचं, ही प्रयोगाची रीत समजावून सांगायला यापेक्षा सोपं उदाहरण मिळणं अवघड आहे.

गोचिडीची तीन जेवणं

पुढच्या गोष्टीसाठी गोचिडीची थोडी ओळख हवी. गोचीड कीटक नाही. कीटकांना सहा पाय असतात, गोचिडीला आठ. ती कोळी आणि विंचू यांच्या गोतावळ्यातली. पण अंड्यातून नुकतंच निघालेलं तिचं पिल्लू, म्हणजे डिंभ, सहाच पायांचं असतं. ते रक्त पितं, कात टाकतं आणि आठ पायांचं होतं. या मधल्या अवस्थेला निम्फ म्हणतात. निम्फ पुन्हा रक्त पितो, कात टाकतो आणि प्रौढ गोचीड तयार होते. प्रौढ मादी रक्त पिऊन शेकडो, काही जातींत हजारो अंडी घालते.

काही जातींमध्ये ही तिन्ही जेवणं एकाच जनावरावर होतात. टेक्सास तापाची गोचीड त्यातली. काही जातींमध्ये मात्र प्रत्येक जेवणानंतर गोचीड जमिनीवर उतरते आणि पुढच्या जेवणासाठी नवं जनावर शोधते. पहिलं जेवण उंदरावर, दुसरं माकडावर, तिसरं गाईवर, असंही होऊ शकतं. म्हणजे एकाचं रक्त प्यायलेली गोचीड दुसऱ्याला चावते. पहिल्याच्या रक्तात विषाणू असला आणि तो कात टाकल्यावरही तिच्या शरीरात टिकला, तर काय होईल हे सांगायला नको.

कॅसनूरचं जंगल, १९५७

शिमोगा जिल्ह्यातल्या सोरब तालुक्यात कॅसनूर नावाचं राखीव जंगल आहे. १९५७ च्या मार्च महिन्यात तिथून बातमी आली की रानात माकडं मरून पडत आहेत आणि आसपासच्या गावांत माणसांना जबरदस्त ताप येतो आहे. एकाएकी थंडी वाजून ताप, असह्य डोकेदुखी, अंग मोडून येणं, डोळे लाल होणं, काहींना नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त. बरा झालेला रोगी एकदोन आठवड्यांनी पुन्हा आजारी पडे आणि या वेळी मान ताठणं, बरळणं अशी मेंदूची लक्षणं दिसत. सुरुवातीला हा विषमज्वर असावा असं वाटलं होतं. त्या वर्षी साडेचारशेहून अधिक माणसं आजारी पडली.

पुण्यात १९५२ मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि अमेरिकेतलं रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून 'व्हायरस रिसर्च सेंटर' सुरू केलं होतं. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच. हे नाव तिला १९७८ मध्ये मिळालं. पाच वर्षांच्या या तरुण संस्थेला माकडं मरत असल्याचं कळलं, तेव्हा तिथल्या लोकांच्या पोटात गोळा आला. त्याला कारण होतं.

दक्षिण अमेरिकेच्या जंगलांत पीतज्वर म्हणजे यलो फीवर येतो, तेव्हा आधी माकडं मरतात आणि मग माणसं. भारतात पीतज्वर कधी आला नव्हता. पण तो पसरवणारा एडिस डास आपल्याकडे मुबलक होता आणि लस टोचलेली माणसं नव्हती. पीतज्वर खरोखरच शिरला असता तर मोठा अनर्थ झाला असता. म्हणून संस्थेचे त्या वेळचे संचालक टेल्फर्ड वर्क, प्राणी आणि कीटक यांचे अभ्यासक हॅरॉल्ड ट्रॅपिडो, कीटकशास्त्रज्ञ टी. रामचंद्र राव आणि त्यांचे सहकारी यांनी कॅसनूरचा रस्ता धरला.

डास की गोचीड?

पथकानं रोग्यांचं रक्त घेतलं. मेलेल्या माकडांचे अवयव बर्फात ठेवून पुण्याला आणले. त्यांचा अर्क पांढऱ्या उंदरांच्या पिल्लांना टोचला. पिल्लं आजारी पडली, मेली. त्यांच्यातून विषाणू वेगळा झाला. माणसांतून मिळालेला आणि माकडांतून मिळालेला विषाणू एकच होता. म्हणजे दोन साथी नव्हत्या, एकच साथ होती.

पण हा विषाणू कोणता? प्रत्येक विषाणूविरुद्ध शरीर त्याच्यापुरती प्रतिपिंडं तयार करतं. हाताशी असलेल्या निरनिराळ्या विषाणूंच्या प्रतिपिंडांबरोबर या नव्या विषाणूची गाठ घालून पाहिली. पीतज्वराच्या प्रतिपिंडांशी तो जुळला नाही. सुटकेचा निःश्वास टाकण्यासारखी गोष्ट होती. पण तो ज्याच्याशी जुळला ते नाव पाहून सगळे चक्रावले. तो सैबेरियाकडच्या एका मेंदूज्वराच्या कुळातला निघाला. सोव्हिएत रशियाच्या पूर्व टोकाला वसंत ऋतूत आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला लाकूडतोड्यांना होणारा हा मेंदूज्वर. लेव्ह झिल्बर यांच्या मोहिमेनं १९३७ मध्ये त्याचा विषाणू शोधला होता आणि तो गोचिडीमुळे पसरतो हे दाखवलं होतं.

इथे तपासाची दिशा बदलली. या कुळातले विषाणू गोचिडी वाहतात, तेव्हा कॅसनूरमध्येही गोचिडी पाहायला हव्यात. पांढऱ्या कापडाचा तुकडा काठीला बांधून पाचोळ्यावरून ओढत न्यायचा. वाट पाहत बसलेल्या गोचिडी कापडाला चिकटतात. त्या चिमट्यानं उचलायच्या, जातवार वेगळ्या करायच्या, वाटून त्यांचा अर्क उंदरांना टोचायचा. विषाणू सापडला. तो मुख्यतः हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा या गोचिडीत होता. त्यामागोमाग हिमाफायसॅलिस टर्ट्युरिस या तिच्या बहिणीतही तो मिळाला.

'जातवार वेगळ्या करायच्या' हे लिहिणं सोपं आहे. गोचिडीचा डिंभ मोहरीच्या दाण्याहूनही लहान. एका जातीचा डिंभ दुसऱ्या जातीच्या डिंभापासून ओळखायचा कसा, हे तेव्हा फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. शिमोगा जिल्ह्यातल्या सागर इथे संस्थेनं क्षेत्रीय केंद्र उघडलं. तिथे वर्षानुवर्षं गोचिडी वेचण्याचं, पाळण्याचं आणि ओळखण्याचं काम चाललं. १९६४ मध्ये ट्रॅपिडो, वर्मा, राजगोपालन, सिंग आणि रिबेलो यांनी दक्षिण भारतातल्या हिमाफायसॅलिस गोचिडींच्या सर्व अवस्था ओळखण्याची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. अशा कामाची वर्तमानपत्रात बातमी होत नाही. पण ते झालं नसतं तर पुढचं काहीच कळलं नसतं.

या कामाची किंमतही मोजावी लागली. विषाणू हाताळताना संस्थेतल्या अनेक कर्मचाऱ्यांना याच तापाची लागण झाली. आजच्यासारख्या बंदिस्त प्रयोगशाळा त्या काळी नव्हत्या.

पक्ष्यांवरचा संशय

सैबेरियाचा भाऊबंद कर्नाटकात पोचला कसा? यावर एक आकर्षक तर्क पुढे आला. दर हिवाळ्यात उत्तर आशियातून लाखो पक्षी भारतात येतात. त्यांच्या अंगावरच्या गोचिडींनी तर हा विषाणू आणला नसेल? मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि सालिम अली यांना या प्रश्नात साहजिकच रस होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं पक्ष्यांच्या स्थलांतराचा मोठा अभ्यास सुरू झाला. जाळ्यात पक्षी धरायचे, पायात क्रमांकाची कडी घालायची, अंगावरच्या गोचिडी काढून तपासायच्या आणि पक्षी सोडून द्यायचे. पुढे या कामाला अमेरिकी लष्कराच्या संशोधन विभागाचेही पैसे मिळाले आणि त्यावरून १९७० च्या दशकात वर्तमानपत्रांत आणि संसदेच्या लोकलेखा समितीतही प्रश्न विचारले गेले.

पक्ष्यांनी रोग आणला याचा पुरावा मिळाला नाही. पक्ष्यांच्या ये-जा करण्याच्या वाटा मात्र चांगल्या कळल्या. उलट विषाणू इथे आधीपासूनच असावा असं सुचवणाऱ्या गोष्टी पुढे आल्या. १९५२ च्या सुमारास पुण्याच्या संस्थेनं देशाच्या निरनिराळ्या भागांतून रक्ताचे नमुने गोळा केले होते. त्यांतल्या सौराष्ट्राकडच्या काही माणसांच्या रक्तात या कुळाच्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं मिळाली होती. म्हणजे कॅसनूरच्या साथीच्या पाच वर्षं आधी! पुढे १९९० च्या दशकात सौदी अरेबियात अल्खुर्मा नावाचा विषाणू सापडला. तो कॅसनूरच्या विषाणूचा अगदी सख्खा भाऊ निघाला. तेव्हा हा विषाणू काल-परवा पाहुणा म्हणून आलेला नाही, तो जंगलात मुरलेला जुना रहिवासी आहे, असं मानायला जागा आहे.

असं असेल तर खरा प्रश्न वेगळाच ठरतो. इतका काळ गप्प असलेला विषाणू १९५७ मध्येच माणसांत का आला?

न आजारी पडणारी गाय

या प्रश्नाचा पाठपुरावा केला तो होर्हे बोशेल या कोलंबियाच्या शास्त्रज्ञानं. पीतज्वराच्या अभ्यासात मुरलेला हा माणूस पुण्याच्या संस्थेत काम करायला आला होता. त्याचं विवेचन १९६९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याचा मुद्दा थोडक्यात असा.

स्पिनिजेरा गोचिडीचे डिंभ आणि निम्फ उंदीर-चिचुंद्रीसारखे लहान प्राणी, जमिनीवर वावरणारे पक्षी, माकडं आणि माणसं यांना चावतात. पण प्रौढ गोचिडीला पोटभर जेवायला मोठं जनावर लागतं. दाट जंगलात गवे, सांबर अशी मोठी जनावरं विखुरलेली असतात. त्यामुळे प्रौढ गोचिडींपैकी थोड्यांनाच जेवण मिळतं आणि संख्या आटोक्यात राहते. स्वातंत्र्यानंतर लोकसंख्या वाढली, शेतीसाठी जंगलाच्या कडा तोडल्या गेल्या, गावं आत सरकली आणि गावाबरोबर गुरं आली. रोज सकाळी शेकडो गुरं रानात चरायला जाऊ लागली. प्रौढ गोचिडींना पंगतच मिळाली. गोचिडी वाढल्या. त्यातच तोडलेल्या जागी घाणेरीची झुडपं माजली. त्यांच्या आडोशाला लहान प्राणी वाढले, म्हणजे डिंभांचीही सोय झाली.

गंमत पाहा. या विषाणूनं गाय आजारी पडत नाही. तिच्या रक्तातून विषाणू पसरतो असंही नाही. तरीही साथीच्या हिशेबात तिचा वाटा मोठा, कारण ती गोचिडींची संख्या वाढवते. नुसते रोगी मोजत बसलं तर हे कधीच कळणार नाही.

माकडाचं काय? माकड या रोगाचा कर्ता नाही, बळी आहे. काळ्या तोंडाचं वानर आणि लाल तोंडाचं माकड या दोघांनाही हा विषाणू मारतो. आजारी माकडाच्या रक्तात विषाणू भरपूर असतो आणि त्याच्या अंगावर शेकडो गोचिडी असतात. माकड मेलं की त्याचं शरीर थंड पडतं आणि गोचिडी उतरून आसपासच्या पाचोळ्यात पसरतात. मेलेल्या माकडाभोवतीची ती जागा काही काळ धोक्याची होते. म्हणूनच माकड मेलेल्या ठिकाणाभोवती सुमारे ५० मीटरपर्यंत कीटकनाशकाची भुकटी मारण्याची पद्धत पडली. कन्नडमध्ये या रोगाला 'मंगन कायिले' म्हणतात, मराठीत 'माकडताप'. नाव सोयीचं आहे, पण त्यानं दोष भलत्याच्याच माथी जातो. मुलांना हे मुद्दाम सांगायला हवं. माकडांना दगड मारून किंवा विष घालून रोग थांबत नाही. उलट मेलेलं माकड हीच आपल्याला मिळणारी पहिली सूचना असते.

जंगल तोडणं आणि ताप यांचा संबंध पुढेही दिसला. दक्षिण कन्नड जिल्ह्यात काजूच्या लागवडीसाठी जंगल साफ केल्यावर १९८२-८३ च्या सुमारास मोठी साथ आली. सुमारे दीड हजार माणसांना लागण झाली आणि दीडशेच्या आसपास माणसं दगावली.

लसीची कहाणी

या तापावर नेमकं औषध नाही. रोग्याला पाणी, विश्रांती, रक्तस्रावावर लक्ष, एवढंच करता येतं. शंभरातले तीन ते पाच रोगी दगावतात. म्हणून लशीकडे सुरुवातीपासून डोळे लागले होते.

सैबेरियाचा विषाणू नात्यातला, तेव्हा त्याची तयार लस चालेल, या आशेनं १९५० च्या दशकाच्या अखेरीस ती टोचून पाहिली. उपयोग झाला नाही. नातं जवळचं असलं तरी विषाणू वेगळे होते. मग १९६० च्या दशकात पुण्याच्या संस्थेत, कोंबडीच्या भ्रूणाच्या पेशींवर कॅसनूरचाच विषाणू वाढवून आणि फॉर्मॅलिननं मारून लस तयार करण्यात आली. १९९० ते १९९२ मध्ये कर्नाटकात तिची मोठी पाहणी झाली. दोन डोस घेतलेल्यांना नव्वद टक्क्यांहून अधिक संरक्षण मिळाल्याचं त्यात दिसलं.

इथे गोष्ट संपायला हवी होती, पण तसं झालं नाही. २००५ ते २०१० या काळातल्या रोग्यांची माहिती नंतर तपासली, तेव्हा दोन डोसांचं संरक्षण ६२ टक्क्यांच्या आसपासच भरलं. वेळोवेळी बूस्टर घेतला तर ते ८३ टक्क्यांच्या आसपास जाई. पण टोचलेली जागा दुखे, डोस पुन्हा पुन्हा घ्यावे लागत आणि त्यामुळे पुष्कळ लोक टाळाटाळ करत. अखेर परिणामकारकता कमी पडते म्हणून २०२२ मध्ये कर्नाटकात या लशीचा वापर थांबवण्यात आला. त्यानंतर भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनं हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्स कंपनीबरोबर नव्या लशीचं काम हाती घेतलं.

लशीचा एक आकडा एकदा मिळाला की काम संपत नाही, तो पुन्हा पुन्हा तपासावा लागतो. हे कमीपणाचं लक्षण नव्हे. तपासलंच नसतं, तर आपण सुरक्षित आहोत अशा समजुतीत लोक रानात जात राहिले असते.

सह्याद्री ओलांडून

जवळजवळ पन्नास वर्षं हा रोग कर्नाटकातल्या शिमोगा आणि शेजारच्या जिल्ह्यांपुरता आहे असं मानलं जाई. २०१२ नंतर तो बंदीपूरच्या जंगलात, निलगिरीत, केरळातल्या वायनाडमध्ये दिसला. २०१५ मध्ये गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात तो आढळला आणि २०१६ च्या सुरुवातीला महाराष्ट्रात, सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या दोडामार्ग तालुक्यात. केर गावात आधी माकडं मेली होती. मग तापाचे रोगी आले. नमुने पुण्याला गेले आणि साठ वर्षांपूर्वी ज्या संस्थेनं हा विषाणू शोधला होता, तिनंच तो आपल्या राज्यात ओळखला.

ही ओळख लवकर पटली त्यालाही पार्श्वभूमी आहे. पूर्वी नमुना उंदरांना टोचून वाट पाहावी लागे. २०१२ च्या सुमारास विषाणूची जनुकं थेट ओळखणारी पीसीआर चाचणी पुण्यात तयार झाली आणि काही तासांत उत्तर मिळू लागलं. त्याआधी, जानेवारी २०११ मध्ये, गुजरातमध्ये क्रायमियन-काँगो रक्तस्रावी ताप प्रथमच निश्चितपणे आढळला होता. तोही गोचिडीमुळेच पसरतो, आणि रोग्याच्या रक्ताच्या संपर्कातून शुश्रूषा करणाऱ्यांनाही होतो. अशा विषाणूंसाठी सर्वांत कडक बंदोबस्ताची प्रयोगशाळा पुण्यात डिसेंबर २०१२ मध्ये सुरू झाली. माकडताप मात्र माणसाकडून माणसाला होत नाही. रोग्याला वाळीत टाकण्याचं काहीच कारण नाही.

आता कॅलेंडर समोर ठेवा. प्रौढ गोचिडी पावसाळ्यात जेवतात आणि अंडी घालतात. पाऊस संपला की डिंभ निघतात. डिसेंबरपासून मेपर्यंत निम्फांचा सुकाळ असतो. माणसाला मुख्यतः चावतो तो निम्फच. आणि काजूच्या बागेतलं काम कधी असतं? जानेवारी ते मे. पडलेले काजू वेचायला माणसं खाली वाकून, पाचोळ्यात हात घालून दिवसभर राबतात. बेळगाव जिल्ह्यातून सत्तरीत काजूच्या कामाला गेलेले मजूर हाच ताप घेऊन परतल्याची नोंद आहे. 'रानात जाऊ नका' हा सल्ला त्यांना देणं म्हणजे 'जेवू नका' म्हणण्यासारखंच आहे. म्हणून अंगभर कपडे, उघड्या अंगाला लावायचं गोचिडी पळवणारं तेल, घरी आल्यावर गरम पाण्यानं आंघोळ आणि अंग तपासणं, या साध्या गोष्टींवर भर द्यावा लागतो. त्या साध्या आहेत, पण तेल वेळेवर गावात पोचलं तरच उपयोगाच्या आहेत.

आपल्या वर्गासाठी

गोंदियाकडे माकडतापाची साथ आलेली नाही, मग इथल्या शिक्षकानं हे का वाचावं? एक कारण शेजारीच आहे. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि परिसरात स्क्रब टायफसचे बरेच रोगी आढळले. तो पसरवतो गोचिडीचाच एक चुलतभाऊ, गवतातल्या सूक्ष्म माइटचा डिंभ. त्याच्या चाव्याच्या जागी काळी खपली धरते. ती शोधली तर निदान लवकर होतं आणि साध्या अँटिबायोटिकनं रोग बरा होतो. न शोधली तर जीवही जातो. शेत, गवत, गुरं आणि रान यांच्या कडेवर राहणाऱ्या प्रत्येक गावाला या गोतावळ्याची ओळख असायला हवी.

दुसरं कारण शिकवण्याचं. वर्गात एक तक्ता करून पाहावा. आडव्या ओळीत बारा महिने. खाली एकेका ओळीत मोहफुलं वेचणं, तेंदूपत्ता, धानाची रोवणी, कापणी, गुरं रानात जाण्याचे दिवस. त्याखाली गावातल्या गुराख्यांना आणि पशुवैद्यांना विचारून गोचिडी कधी जास्त, कधी कमी. दोन ओळी कुठे एकमेकींवर येतात ते मुलांनीच शोधावं. बोशेल यांनी कर्नाटकात जे केलं त्याची ही छोटी आवृत्ती आहे. मुलांनी गोचिडी गोळा मात्र करू नयेत आणि बोटांनी चिरडू तर मुळीच नयेत.

अंगाला गोचीड चिकटलीच तर बारीक चिमट्यानं ती कातडीच्या अगदी जवळ पकडावी आणि सरळ वर ओढून काढावी. जळती काडी, रॉकेल, तंबाखू असले उपाय करू नयेत. त्यानं गोचीड आणखी लाळ सोडते आणि विषाणू असलाच तर तो त्या लाळेतच असतो. नंतर जागा साबणानं धुवावी. पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना 'गोचीड चावली होती' हे आवर्जून सांगावं. न विचारता सांगितलेलं हे एक वाक्य पुष्कळदा निदानाची दिशा बदलतं.

आणि रानात मेलेलं वानर दिसलं तर त्याला हात न लावता वनखात्याला आणि आरोग्य केंद्राला कळवावं. १९५७ मध्ये कॅसनूरचं कोडं सुटायला सुरुवात झाली, कारण माकडं मरत आहेत हे कुणीतरी पाहिलं आणि ते सांगण्याजोगं आहे असं त्याला वाटलं. आपल्या वर्गातली मुलं रोज पहाटे शेळ्या घेऊन त्याच वाटांनी जातात. काय पाहायचं आणि कुणाला सांगायचं, एवढं त्यांना ठाऊक असलं की पुढचं काम पुण्याची प्रयोगशाळा करू शकते.